अलोरे-पोफळीच्या कोयना वसाहती आणि वरचे सह्याद्रीचे रान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या वसाहती नेमक्या कुठे आहेत?

कोयना जलविद्युत प्रकल्पावर काम करणाऱ्यांसाठी उभ्या राहिलेल्या या वसाहती रत्नागिरी जिल्ह्यातल्या चिपळूण तालुक्यात, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याला आहेत. चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावरून कराडकडे निघाले की खडपोली, पेढांबे मागे टाकत वीसेक किलोमीटरवर अलोरे लागते. त्याला लागून शिरगाव आणि पुढे पोफळी. पोफळी सोडली की कुंभार्ली घाट सुरू होतो. घाटमाथ्यावर सातारा जिल्ह्यातला पाटण तालुका, कोयना धरण, कोयनानगर आणि कोयना अभयारण्य.

म्हणजे खाली कोकणात वसाहत आणि वर रान, मधे सहा-साडेसहाशे मीटर उंचीची कड्याची भिंत. दोन्ही एकाच सहलीत पाहता येतात, पण नियम वेगळे, खाती वेगळी आणि धोकेही वेगळे. बहुतेकांची गडबड होते ती इथेच.

ही कंपनीची कॉलनी होती का?

नाही. हे काम सरकारी. कोयनेच्या पाण्यावर वीज करण्याची पाहणी पहिल्या महायुद्धानंतर टाटा समूहाने केली होती, पण १९२८ च्या सुमारास पैशाच्या अडचणीमुळे ती योजना बाजूला पडली. स्वातंत्र्यानंतर सरकारने ती हाती घेतली. १९५३ मध्ये मंजुरी मिळाली आणि १९५४ पासून कामे सुरू झाली.

कंपनीच्या गावाचा सगळा साचा मात्र इथे होता. हुद्द्याप्रमाणे क्वार्टर, एकाच खात्याचे पाणी आणि वीज, शाळा, दवाखाना, वर्कशॉप, स्टोअर, विश्रामगृह आणि पगाराच्या तारखेवर चालणारा बाजार. दोन खात्यांची नावे कानावर पडतील. धरण, बोगदे आणि बांधकाम पाहणाऱ्या पाटबंधारे खात्याला लोक ‘इरिगेशन’ म्हणतात. वीजनिर्मिती करणाऱ्यांना अजूनही ‘एमएसईबी’च म्हणतात, जरी २००५ मध्ये राज्य वीज मंडळाचे (म्हणजे एमएसईबीचे) विभाजन होऊन ते काम महानिर्मितीकडे गेले असले तरी. अलोरे ही मुख्यतः बांधकामवाल्यांची वसाहत, पोफळी वीजवाल्यांची. बांधकाम संपले की बांधकामवाले जातात, वीजगृह चालवणारे राहतात. म्हणून अलोरे जास्त ओस पडले आणि पोफळी त्या मानाने जागती राहिली.

इथे पाहण्यासारखे काय आहे? नुसत्या जुन्या इमारतीच ना?

नुसत्या इमारती पाहायला येणार असाल तर अर्ध्या तासात कंटाळाल. इथे पाहायचा तो पाण्याचा रस्ता. तो कळला की कुठली इमारत तिथे का आहे तेही कळते.

कोयना महाबळेश्वरला उगम पावते, डोंगररांगेला समांतर दक्षिणेकडे वाहते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. हे वळण घेण्याआधी ती कोकणच्या कड्यापासून काही किलोमीटरवरच असते. तिथे तिला अडवले. धरण १०३ मीटर उंच आणि ८०७ मीटर लांब. मागे पसरलेल्या शिवसागर जलाशयाची क्षमता १०५.२५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. हे पाणी पूर्वेला सोडण्याऐवजी डोंगरातून बोगद्याने पश्चिमेला आणले, की ते पोफळीला सुमारे ४७५ मीटर खाली पडते. एवढी उंची मिळत असल्यामुळेच कोयनेची वीज इतकी मोठी आहे.

पोफळीचे वीजगृह डोंगराच्या पोटात आहे. पहिल्या टप्प्याची वीज १९६२ मध्ये सुरू झाली, दुसरा टप्पा त्याच भूमिगत वीजगृहात त्याच दशकात आला आणि दोन्ही मिळून ६०० मेगावॅट झाले. जनित्रे फिरवून सुटलेले पाणी कोळकेवाडी धरणात साठते. हे धरण ६३ मीटर उंच आणि पाचशे मीटरला थोडे कमी लांब आहे. अलोरे वसाहत याच धरणाच्या कामाबरोबर भरभराटीला आली. कोळकेवाडीचे पाणी पुन्हा साधारण ११० मीटर खाली सोडून तिसऱ्या टप्प्यात ३२० मेगावॅट वीज होते. मग ते कालव्याने वाशिष्ठीत येते आणि चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत जाते. याला इथे सगळे ‘अवजल’ म्हणतात.

चौथा टप्पा एक हजार मेगावॅटचा. त्याचे वीजगृहही भूमिगत आणि पाणी पुन्हा कोळकेवाडीतच. धरणाच्या पायथ्याचे छोटे वीजगृह धरून सगळी बेरीज १९६० मेगावॅटच्या जवळ जाते.

आता वाशिष्ठीकडे पाहा. कोकणातल्या बहुतेक नद्या होळीनंतर डबक्यांवर येतात. वाशिष्ठी एप्रिल-मेमध्येही वाहते, कारण ते पाणी घाटावरचे आहे. कृष्णा खोऱ्यातून पश्चिमेला वळवायच्या या पाण्यावर कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. उन्हाळ्यात वीजगृह कधी पूर्ण जोरात तर कधी जपून चालते, त्यामागे हेही एक कारण असते.

भूमिगत वीजगृह आत जाऊन पाहता येते का?

तिकीट काढून नाही. हे प्रतिबंधित क्षेत्र आहे. फाटकावर ओळखपत्र दाखवून, विनंती करून किंवा कुणाच्या ओळखीने आत जाण्याचा प्रयत्न करू नका. तिथल्या सुरक्षारक्षकाच्या हातात काही नसते, उगाच त्याची अडचण होते. अभियांत्रिकी महाविद्यालयांनी संस्थेच्या पत्रावर, विद्यार्थ्यांची यादी आणि ओळखपत्रांसह, महानिर्मितीकडे आगाऊ लेखी विचारणा करावी. मंजुरी मिळेलच असे धरू नये. लेखी उत्तर हातात पडेपर्यंत बस ठरवू नका.

सार्वजनिक रस्त्यावरून जे दिसते तेही थोडे नाही. पोफळीच्या वरचा डोंगर, खालची वीजवाहिन्यांची जाळी, कोळकेवाडीचा जलाशय आणि कालवा. घाटात चढताना दरीकडे पाहिले की हे सगळे एका नकाशासारखे मांडलेले दिसते. सकाळी दहाच्या आत हवा स्वच्छ असते, दुपारी धूसर होते.

‘लेक टॅपिंग’ इथेच झाले का? ते पाहता येते का?

झाले, पण दिसण्यासारखे काही नाही. सगळे पाण्याखाली आहे. समजून घेण्यासारखे मात्र आहे. भरलेल्या जलाशयातून नवा बोगदा काढायचा तर एरवी तलाव रिकामा करावा लागतो. कोयनेचा तलाव रिकामा करणे म्हणजे राज्याची वीज आणि पूर्वेचे सिंचन थांबवणे. म्हणून बोगदा खालून खोदत तलावाच्या तळाशी आणला, शेवटचा काही मीटर खडक तसाच ठेवला आणि तो एका स्फोटात उडवला. फुटलेला दगड बोगद्यातून पुढे यंत्रांपर्यंत जाऊ नये म्हणून खाली आधीच खड्डा खोदून ठेवलेला असतो. १३ मार्च १९९९ रोजी चौथ्या टप्प्यासाठी हे पहिल्यांदा केले गेले. २५ एप्रिल २०१२ रोजी दुसऱ्यांदा केले, तलावाची पातळी खाली गेल्यावरही पाणी घेता यावे म्हणून.

रिकाम्या क्वार्टरमध्ये जाता येते का?

रस्त्यावरून पाहा, आत जाऊ नका. याला तीन कारणे आहेत.

पहिले, ही मालमत्ता सरकारी आहे. दार मोडलेले असले तरी परवानगीशिवाय आत शिरणे हे अतिक्रमणच ठरते.

दुसरे, छत. कोकणातला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस देखभाल नसलेल्या घराचे काय करतो ते बाहेरून कळत नाही. पत्र्याच्या किंवा कौलाच्या घरात आधी वासे कुजतात. कौले जागेवर दिसतात, पण खाली आधार नसतो. स्लॅबच्या घरात सळई गंजून फुगते, खालचा गिलावा फुगारा धरतो आणि एक दिवस पापुद्र्यासारखा खाली येतो. छज्जे सर्वांत आधी पडतात, म्हणून पावसात आडोसा म्हणून छज्ज्याखाली उभे राहू नका. त्या काळच्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असे. फुटलेले पत्रे लाथाडू नका, मुलांना तुकडे उचलू देऊ नका, त्याची धूळ फुफ्फुसाला घातक असते. गवतात झाकलेल्या सेप्टिक टाक्यांची झाकणे कुजलेली असतात, त्यामुळे घरांच्या मागच्या बाजूने फिरणे आणखी वाईट.

तिसरे कारण आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते. सगळी घरे रिकामी नाहीत. एका ओळीत चार बंद घरे आणि पाचव्यात दोरीवर कपडे वाळत असतात. ‘भुताचे गाव’ म्हणत कॅमेरा घेऊन अंगणात शिरणाऱ्यांमुळे इथल्या माणसांना त्रास होतो. समोर कुणी दिसले तर आधी नमस्कार करा, कुठून आलात ते सांगा, मगच फोटो.

कालव्यात किंवा खालच्या नदीत पोहता येईल का? पाणी तर शांत दिसते.

नाही. या पानावरचा एकच प्रश्न वाचणार असाल तर हा वाचा.

कोयनेची वीज मागणीच्या वेळी वापरण्यासाठी आहे. औष्णिक केंद्र चढवायला तास लागतात, जलविद्युत संच काही मिनिटांत सुरू होतो. त्यामुळे सकाळ-संध्याकाळ मागणी वाढली की संच सुरू होतात आणि कालव्यातले पाणी वाढते. पावसाचा त्याच्याशी संबंध नाही. आकाश निरभ्र असते, दुपारी गुडघाभर असलेले पाणी थोड्या वेळात छातीवर येते.

आकडा समजून घ्या. ८० मेगावॅटचा एक संच ११० मीटर उंचीवर पूर्ण चालवायला, हिशेबाने, सेकंदाला ८० घनमीटरच्या आसपास पाणी लागते. चार संच चालले की सव्वातीनशे घनमीटर. म्हणजे एका सेकंदाला तीसेक टँकर. कालव्याच्या बाजू उतरत्या आणि शेवाळलेल्या असतात. पडलेल्या माणसाला धरायला काही सापडत नाही आणि प्रवाह त्याला काठाला लागू देत नाही. चांगले पोहणारेही यात जातात. पाणी उंच कड्याखालून, बोगद्यातून आलेले असल्याने थंडही असते, हातपाय लवकर आखडतात.

तेव्हा कालव्याच्या काठावर बसून पाय सोडणे, कपडे धुणाऱ्यांच्या पायऱ्यांवर उतरून सेल्फी घेणे, वाशिष्ठीच्या पात्रातल्या खडकांवर जेवायला बसणे, यांतले काहीही करू नका. भोंगा ऐकू येईल या भरवशावर राहू नका. आणखी खाली, दाभोळ खाडीच्या बाजूला, वाशिष्ठीत मगरी आहेत, तेही ध्यानात असू द्या.

चिपळूणच्या पुराशी या धरणाचा संबंध आहे का?

२२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर हा वाद मोठा झाला. अतिवृष्टी, भरतीची वेळ, गाळाने भरलेले पात्र आणि कोळकेवाडीतून येणारे पाणी, प्रत्येकावर बोट ठेवले गेले. पाहुण्यांसाठी त्यातला उपयोगाचा भाग एवढाच : जुलै-ऑगस्टमध्ये हवामान खात्याचा लाल इशारा असेल तर चिपळूणच्या सखल भागात मुक्काम करू नका आणि गाडी नदीकाठच्या पार्किंगमध्ये ठेवू नका. बाजारपेठेत पाणी शिरते तेव्हा ते झपाट्याने चढते.

पोचायचे कसे?

रेल्वेने चिपळूण. कोकणकन्या आणि तुतारी रात्री मुंबईहून निघून पहाटे सोडतात, मांडवी दिवसाची. पहाटे उतरलात तर उजाडेपर्यंत स्थानकात थांबणे बरे. स्थानक गावाबाहेर आहे, तिथून रिक्षाने बहादूरशेख नाका किंवा एसटी स्थानक गाठा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते, गाड्या सावकाश धावतात. जुने वेळापत्रक मोबाईलमध्ये जपून ठेवून फसू नका.

एसटीने चिपळूण स्थानकातून पोफळी, अलोरेकडच्या आणि घाटावरून कराडकडे जाणाऱ्या गाड्या मिळतात. गाड्या बदलत असतात, म्हणून उतरल्याबरोबर चौकशी खिडकीवर जाण्याची आणि परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारून घ्या. लांब पल्ल्याची गाडी अलोऱ्याला मुख्य रस्त्यावरच्या थांब्यावर उतरवते, वसाहतीत आत चालत जावे लागते.

स्वतःच्या गाडीने येत असाल तर इंधन चिपळूणलाच भरा. पुणेकरांना कराड-पाटण-कोयनानगर मार्गे घाट उतरून येता येते.

कुंभार्ली घाट अवघड आहे का?

सवय असलेल्याला नाही, पण अवजड वाहतूक खूप असते. चढताना वळणावर ट्रकच्या मागे अंतर ठेवून थांबा. वळण घेताना ट्रकचा मागचा भाग आत कापतो आणि तिथेच दुचाकीवाले अडकतात.

उतरताना चूक एकच होते आणि ती जीवावर बेतते. गाडी चौथ्यात ठेवून सगळा भार ब्रेकवर. पाच-सहा किलोमीटरनंतर ब्रेक तापतात, जळका वास येतो, पेडल मऊ लागते आणि ब्रेक लागेनासे होतात. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, बहुतेक छोट्या गाड्यांना दुसरा. न्यूट्रल कधीच नको. वास आलाच तर रुंद जागा पाहून कडेला घ्या, वीस मिनिटे थांबा, चाकावर पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकते.

जून ते सप्टेंबर धुके इतके उतरते की बोनेटपुढचे दिसत नाही. तेव्हा मोठा दिवा लावू नका, धुक्यावरून उजेड उलटा डोळ्यांवर येतो. छोटा दिवा, फॉग लॅम्प आणि वळणावर भोंगा. धबधब्यासमोर रस्त्यात गाडी लावून उतरू नका. वरून दगड येतात, मागून ट्रक.

कधी यावे?

दिवाळी ते फेब्रुवारी. रान हिरवे असते, पायवाटा मोकळ्या झालेल्या असतात, हवा स्वच्छ. अलोरे-पोफळी डोंगराच्या कुशीत असल्यामुळे सकाळी थंडी वाटते, दुपारी घाम येतो. मार्चपासून उष्मा आणि वणव्यांचा काळ. मे महिन्यात करवंदे, जांभळे, रातांबे मिळतात म्हणून आम्ही मे वाईट म्हणणार नाही, पण चालायचे असेल तर सकाळी सात ते दहा एवढाच वेळ धरा. पावसाळा डोळ्यांना सर्वांत सुंदर आणि फिरायला सर्वांत वाईट. घाटावर कोयनानगरजवळच्या नवजाला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो, त्यात छत्रीचा काही उपयोग नाही.

घाटावरच्या जंगलात जायला परवाना लागतो का?

लागतो. कोयना अभयारण्य १९८५ मध्ये जाहीर झाले, क्षेत्र ४२३.५५ चौरस किलोमीटर. दक्षिणेला ३१७.६७ चौरस किलोमीटरचे चांदोली राष्ट्रीय उद्यान. दोन्ही मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा ठरवले, त्यात महाराष्ट्रातली जी चार ठिकाणे आहेत त्यांत कोयना आणि चांदोली दोन्ही येतात, उरलेली कास आणि राधानगरी. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार अभयारण्यात परवान्याशिवाय शिरणे हा गुन्हा आहे. ‘पायवाट जुनी आहे, आमचे गाववाले नेहमी जातात’ हे उत्तर तिथे चालत नाही.

परवाना वन्यजीव विभागाच्या परिक्षेत्र कार्यालयातून मिळतो. कोयनानगर-हेळवाक बाजूची कार्यालये त्याच रस्त्यावर आहेत. प्रत्येकाचे ओळखपत्र आणि त्याची प्रत, गाडीचा क्रमांक, कुठे जाणार आणि किती वाजता परतणार हे लिहून तयार ठेवा. शनिवारी सकाळी पोचून लगेच परवाना हवा असेल तर आदल्या दिवशी चौकशी करा. स्थानिक वाटाड्या घ्या. पैसे वाचवायला तो टाळू नका. कारवीच्या रानात ढोरवाटा आणि माणसांच्या वाटा एकसारख्या दिसतात, मोबाईलला रेंज नसते आणि कड्याच्या धारेवर गवताखाली कडा कुठे संपतो ते कळत नाही. सूर्यास्ताआधी बाहेर पडायचे. रात्रीचा मुक्काम, चूल, मोठ्याने गाणी, सगळे बंद.

ओझर्डे धबधबा कोयनानगरपासून दहाएक किलोमीटरवर नवजा बाजूला आहे आणि कमी चालीत होतो. जंगली जयगड किल्ला त्याच बाजूला, पूर्ण जंगलातून वाट. त्याच्या टोकावरून खाली कोकणात पोफळी आणि कोळकेवाडीचे पाणी दिसते. वसाहत आधी खालून पाहिली असेल तर वरून ते पाणी ओळखण्यात वेगळाच आनंद आहे.

वासोटा किल्ला याच बाजूने होतो का?

सोयीचा नाही. वासोट्याची नेहमीची वाट सातारा-कासकडून बामणोलीला येऊन लाँचने शिवसागर ओलांडण्याची. तिथे प्लास्टिकच्या बाटल्या आणि पिशव्या मोजून अनामत घेण्याची पद्धत आहे, परत दाखवल्या की पैसे मिळतात. कोकणातून नागेश्वर-वासोटा करणारे खेड तालुक्यातल्या चोरवण्याहून चढतात. ही चढण उभी आणि दमवणारी, पाणी कमी, आणि वर अभयारण्याचा परवाना लागतोच. अलोरे-पोफळीच्या दोन दिवसांत वासोटा कोंबू नका.

वाघ दिसेल का?

त्या आशेने येऊ नका. इथले रान ताडोबासारखे उघडे नाही. सदाहरित झाडी, कारवी आणि उतार यांत वीस पावलांवरचा गवासुद्धा दिसत नाही, फक्त फांद्या मोडल्याचा आवाज येतो. गवा दिसलाच तर जागीच थांबा, वाट सोडून हळूहळू मागे सरका, फोटोसाठी पुढे जाऊ नका. एकटा नर जास्त बेभरवशाचा. अस्वलाचा वावर आहे, म्हणून उंबराखाली, वारुळांपाशी आणि पहाटेच्या अंधारात बोलत चाला. अस्वल बिथरते ते अचानक समोर आल्यावर.

दिसण्याची खरी शक्यता शेकरू, भेकर, सांबराच्या खुरांचे ठसे आणि पक्ष्यांची. ककणेर म्हणजे धनेश खाली पोफळीच्या बाजूलाही उंबर-वड फळांवर आले की दिसतात. पावसाळ्याच्या तोंडाला पहाटे ओढ्याकाठी माणसाने शीळ घातल्यासारखे ऐकू आले तर तो शीळकरी कस्तूर.

साप, विंचू, जळवा?

तिन्ही आहेत. कोकणात फुरशाची भीती खरी आहे. छोटा, मातकट, दगडाखाली आणि पाचोळ्यात बसणारा साप. पडक्या भिंतींचे दगड, पालापाचोळ्याने भरलेल्या पायऱ्या आणि गवत हे त्याचे घर. घोट्यावरचे बूट घाला, हात घालण्याआधी पाहा, अंधारात टॉर्चशिवाय पाऊल टाकू नका. फुरसे चावल्यावर सुरुवातीला फारसे वाटत नाही, काही तासांनी हिरड्यांतून, लघवीतून रक्त येऊ लागते, कारण रक्त गोठायचे थांबते. म्हणून ‘बरे वाटतेय’ म्हणून थांबू नका. आवळून बांधणे, चिरा देणे, चोखणे, काही करू नका. हातापायाला फळीचा आधार देऊन तो हलू देऊ नका आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालणारी एकच लस असते, साप मारून नेण्याची गरज नाही. जवळची मोठी रुग्णालये म्हणजे कामथ्याचे उपजिल्हा रुग्णालय आणि डेरवणचे वालावलकर रुग्णालय.

तांबडा विंचू मुलांना जास्त घातक. दंशानंतर घाम, उलटी, थंडगार हातपाय दिसले तर घरगुती उपाय न करता रुग्णालय. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावसकरांनी यावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून वेळेत पोचलेला रुग्ण बहुधा वाचतो. वेळेत, हे महत्त्वाचे.

जळवा फक्त पावसाळ्यात, वरच्या रानात. मोज्यात पँट खोचा, मोज्यावर तंबाखूचे पाणी किंवा मीठ. चिकटली तर ओढून काढू नका, मीठ टाका, सुटते. पायाला जखम असेल तर भाताच्या खाचरातून, साचलेल्या पाण्यातून चालू नका, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचा) धोका असतो. परतल्यावर आठ-पंधरा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना कोकणात पाण्यात फिरलो होतो हे आपणहून सांगा.

भूकंप होतात का?

लहान धक्के होतात, बहुतेक जाणवतही नाहीत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा मोठा होता, तीव्रता साडेसहाच्या आसपास, सुमारे १८० माणसे गेली आणि कोयनानगर उद्ध्वस्त झाले. जलाशयातल्या पाण्यामुळे चाळवलेला भूकंप म्हणून तो जगभर अभ्यासला जातो. धरणाला तडे गेले, ते नंतर मजबूत केले. तुम्ही आलेले असताना धक्का जाणवला तर मोकळ्यात या आणि घाटात असाल तर कड्याच्या बाजूला गाडी लावू नका.

राहायचे, जेवायचे कुठे?

मुक्काम चिपळूणला सर्वांत सोयीचा, वर हवा असेल तर कोयनानगर. सरकारी विश्रामगृहे आधी आरक्षण झाल्याशिवाय मिळत नाहीत आणि खात्याचा साहेब आला की पाहुण्याची खोली जाऊ शकते. शिरगाव-अलोऱ्याच्या टपऱ्यांवर चहा, वडापाव, मिसळ मिळते. भाकरी, कुळथाची पिठी, सोलकढी असे घरगुती जेवण हवे असेल तर सकाळीच सांगून ठेवा, माणसांचा आकडा द्या. रोख पैसे जवळ ठेवा, रेंज गेली की मोबाईलने पैसे देता येत नाहीत.

एकच दिवस आहे. काय करू?

सकाळी आठला अलोरे, वसाहतीतल्या रस्त्यांवर तासभर पायी. मग कोळकेवाडीकडे, रस्त्यावरून दिसेल तेवढे. साडेदहाला पोफळी, अकराला घाट, एकला कोयनानगरला जेवण. धरण लांबूनच. पाऊस नसेल तर ओझर्डे. चारला परत फिरा म्हणजे उजेडात घाट उतरता येतो. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर ओझर्डे गाळा.

फोटो, ड्रोन?

धरण, वीजगृह, फाटके, स्विचयार्ड यांचे फोटो नकोत, पाट्या लावलेल्या आहेत. ड्रोन अजिबात नको, धरणावर नाही आणि अभयारण्यावर नाही. जप्त होतो आणि गुन्हाही दाखल होऊ शकतो.

आमचे वडील कोयना प्रकल्पात होते, आम्ही इथेच वाढलो. आमचे क्वार्टर सापडेल का?

सापडू शकते, पण तयारीने या. क्वार्टरचा टाइप आणि क्रमांक शोधा. जुने रेशनकार्ड, गॅसचे पुस्तक, पत्रांची पाकिटे, बदलीचे आदेश यांवर तो असतो. शाळेच्या दाखल्यावर बहुधा नुसते गाव लिहिलेले असते. भिंतीवरचे क्रमांक बऱ्याच ठिकाणी पुसले गेले आहेत, म्हणून अंगणात काढलेला जुना फोटो बरोबर घ्या. त्यातली माणसे बाजूला ठेवून मागचा डोंगर पाहा. कड्याची रेघ बदलत नाही, तिच्यावरून ओळ ठरते. आंबा, फणस, नारळ लावलेला आठवत असेल तर तोही खुणेला येतो, घरापेक्षा झाडे जास्त टिकली आहेत.

शिरगावच्या किंवा अलोऱ्याच्या बाजारात वयस्क दुकानदाराला विचारा. वडिलांच्या नावापेक्षा खाते आणि काम सांगितले तर लवकर ओळख पटते : बोगद्यावर होते, वर्कशॉपला होते, स्टोअरला होते. घर पडीक असेल तर बाहेरूनच पाहा. आता तिथे दुसरे कुणी राहत असेल तर दारात थांबून सांगा. बहुतेक वेळा आत बोलावून चहा मिळतो. सप्टेंबर-ऑक्टोबरला गवत कंबरभर असते आणि पायऱ्याही दिसत नाहीत. दिवाळीनंतर महिनाभराने गवत वाळून बसते, तेव्हा या.